इतवारीची मारबत आणि व्हिएन्नाचं धुराडं

नागपूरच्या बाहेरच्या माणसाला मारबत समजावून सांगणं हा एक उद्योगच असतो. पुण्याच्या ऑफिसात पोळ्याच्या सुमारास मी तो दरवर्षी करतो. "म्हणजे रावणदहनासारखं का?" हा पहिला प्रश्न. नाही बाप्पा, रावण नाही, बाई आहे. "मग देवी आहे का?" हो.. म्हणजे नवस बोलतात तिला, दर्शनाला रांग असते. "अच्छा, मग शेवटी विसर्जन?" नाही, जाळतात. इथे समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि माझ्याकडे बघत राहतो :-)

जिची पूजा करायची तिलाच जाळायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. आमचं घर इतवारीत, त्यामुळे मला त्यात विचित्र असं काही कधी वाटलंच नव्हतं. पण मध्यंतरी काही विकेंड फ्रॉइड आणि त्याच्या मंडळींवरची पुस्तकं वाचत होतो, आणि वाचता वाचता सारखी मारबतच डोळ्यासमोर यायला लागली. म्हणून हा लेख. लांबलाय, आधीच सांगतो.

तर आधी थोडी माहिती. इतवारी म्हणजे जुन्या नागपूरचा बाजार. रविवारच्या बाजारावरून नाव पडलं, आता आठवडाभर बाजारच असतो. सराफा, किराणा ओळ, मस्कासाथ, शहीद चौक.. काही गल्ल्यांत तर दोन बाईक समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, या भागातून बांबूच्या कामट्या, कागद आणि रंग यांचे अजस्र बाईचे पुतळे निघतात. एक काळी मारबत आणि एक पिवळी मारबत. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. दोघींची भेट नेहरू पुतळ्यापाशी होते, आणि ती बघायला माणसं गच्च्यांवर, पायऱ्यांवर, मिळेल तिथे चढून बसलेली असतात.

सोबत बडगे असतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. महागाई, भ्रष्टाचार, हुंडा, एखादा नेता, सीमेपलीकडचा एखादा अतिरेकी.. ज्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या. वाटभर आरोळ्या चालू असतात, आणि त्यांचा अर्थ एकच: बाई, जाताना इडा-पिडा, रोगराई, जादूटोणा सगळं सोबत घेऊन जा. मग शेवटी पुतळे जाळतात आणि लोक घरी जाऊन जेवतात.

हे फक्त शहरातलं नाही. विदर्भातल्या खेड्यांमध्ये पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गावाच्या सीमेवर नेऊन टाकतात. मागणं तेच, घरातलं दुखणं-खुपणं गावाबाहेर जाऊ दे. दिवस बघा कुठले आहेत. श्रावण संपतोय, पावसाने सगळीकडे चिखल आणि डबकी, डास माजलेले, विहिरींचं पाणी गढूळ. हिवताप आणि पटकीचा हा हंगाम. इंग्रज येण्याच्या आधीही होता आणि नंतरही होता.

म्हणजे मारबत हा नुसता सण नाहीये, आजार म्हणजे काय याबद्दलचा तो एक विचार आहे. आजार ही बाहेरून आलेली वस्तू आहे, ती एखाद्या आकृतीत भरता येते, उचलता येते आणि सीमेबाहेर नेऊन जाळता येते. जाळली की आपण बरे.

आता जरा व्हिएन्नाला जाऊ. वर्ष तेच, १८८१. योजेफ ब्रॉयर नावाचे एक नामांकित डॉक्टर होते, वय चाळिशीच्या आत-बाहेर. त्यांच्याकडे एकवीस वर्षांची एक मुलगी होती. वडील आजारी होते, ती त्यांच्या उशाशी बसून शुश्रूषा करायची आणि तसं करता करता स्वतःच आजारी पडली. खोकला थांबेना, उजवा हात लुळा पडला, काही काळ तर मातृभाषा जर्मनच बोलता येईना, फक्त इंग्रजी बोलायची. मध्येच पाणी पिणं बंद, तहान लागली तरी ग्लास ओठाला लावता येत नसे. शरीरात कुठे बिघाड सापडेना. एप्रिल १८८१ मध्ये वडील गेले आणि तिचं सगळं आणखीच बिघडलं.

ब्रॉयरच्या लक्षात आलं की संध्याकाळी ती संमोहित अवस्थेत मनातलं बोलली की तिला हलकं वाटतं. एखादं लक्षण पहिल्यांदा कधी आलं तिथपर्यंत ती मागे गेली आणि तेव्हाचा राग किंवा किळस बोलून बाहेर आली, की ते लक्षण जायचं. पाण्याचं असंच झालं. कोणाच्या तरी कुत्र्याला ग्लासातून पाणी पिताना तिने पाहिलं होतं, किळस आली होती, पण सभ्यपणा म्हणून काही बोलली नव्हती. ते बोलली आणि पाणी मागून प्यायली. या प्रकाराला तिने स्वतःच इंग्रजीत दोन नावं दिली. एक 'टॉकिंग क्युअर', म्हणजे बोलून बरं होणं. दुसरं जरा गमतीचं, 'चिमणी-स्वीपिंग', म्हणजे धुराडं झाडणं!

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइडने मिळून जे पुस्तक काढलं त्यात ही केस 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने आली. मनोविश्लेषणाची सुरुवात लोक तिथून मोजतात. या उपचाराला त्यांनी ग्रीक शब्द वापरला, कॅथार्सिस. मराठीत आपण त्याला विरेचन म्हणतो, आणि विरेचन हा तर सरळ पंचकर्मातला शब्द, पोट साफ करण्याचा. म्हणजे व्हिएन्नात धुराडं, आयुर्वेदात पोट आणि इतवारीत अख्खी गल्ली! साठलेलं काढून टाका, बरं वाटेल. काळी मारबत आणि धुराडं एकाच वर्षातले आहेत हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण योगायोग मजेशीर आहे.

आता खरी मेख. अ‍ॅना ओ. बरी झालीच नव्हती.

पुस्तकात जून १८८२ मध्ये उपचार संपले आणि ती बरी झाली असं चित्र आहे. पण हेन्री एलनबर्गर या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं शोधून १९७२ मध्ये दाखवून दिलं, की जुलै १८८२ मध्ये तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनच्या एका सॅनेटोरियममध्ये दाखल करावं लागलं होतं. पुढची काही वर्षंही तिची दवाखान्यांत ये-जा होती. लक्षणं एकेक करून जात होती, आणि जागा रिकामी झाली की दुसरी येत होती.

आमच्या धंद्यात याला फार ओळखीचं उदाहरण आहे. प्रॉडक्शनचा सर्व्हर दर काही दिवसांनी मेमरी खाऊन बसतो. कोणीतरी रात्री उठून रीस्टार्ट मारतो. सकाळी सगळं हिरवंगार, सगळे खूष. मग एक हुशार माणूस रोज रात्री आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय करून ठेवतो आणि बग तिथेच राहतो. वर्षभराने नवीन आलेला पोरगा विचारतो, "हे रोज रीस्टार्ट का होतं?" कोणालाच माहीत नसतं. फक्त ते बंद करायची कोणाची हिंमत होत नाही.

फ्रॉइडला हे कळलं होतं. १९१४ च्या एका छोट्या निबंधात त्याने म्हटलंय, की रोगी जे आठवू शकत नाही ते करून दाखवतो, आणि पुन्हा पुन्हा करत राहतो. आपण पुन्हा तेच करतोय हे त्याला ठाऊकही नसतं. त्यामुळे नुसतं बाहेर काढून भागत नाही. आठवावं लागतं, आणि आठवलेल्याशी बराच काळ झटावं लागतं. विरेचनापासून मनोविश्लेषण वेगळं होतं ते इथे.

मग मी हाच प्रश्न मारबतीला विचारून पाहिला. दरवर्षी आपण हे करतो. यात न आठवलेलं काय आहे?

कोणालाही विचारा, काळी मारबत कोण? एक उत्तर हमखास येतं, बाकाबाई. भोसल्यांची राणी, इंग्रजांना मिळालेली, म्हणून तिचा पुतळा. एवढं सांगून विषय संपतो. पण बाकाबाईचा इतिहास एवढ्यावर संपत नाही.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. रघुजी १८१६ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. आप्पासाहेब हरले आणि नंतर पदच्युत झाले. इंग्रजांनी रघुजींच्या लहान नातवाला गादीवर बसवलं. हे तिसरे रघुजी. त्यांच्या लहानपणी वाड्यात बाकाबाईचा शब्द चालायचा, राज्यात रेसिडेंटचा. म्हणजे इंग्रजांशी जुळवून घेणारी राणी ही गोष्ट खरी. १८५७ मध्ये नागपुरात उठावाची तयारी झाली तेव्हा आपल्या माणसांनी त्यात पडू नये असं तिने बजावलं, हेही खरं.

पण मधली चार वर्षं बघा. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले, मुलगा नव्हता. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. त्यानंतर वाड्यातली संपत्ती हलवायला सुरुवात झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याला. तेव्हा पंचाहत्तरीच्या घरातली हीच बाकाबाई आडवी आली. सामान हलवलंत तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी तिने दिल्याची नोंद खुद्द इंग्रज इतिहासकार केय यानेच करून ठेवलीये. १८५८ मध्ये ती वारली.

म्हणजे एकच बाई. इंग्रजांशी जुळवून घेणारी तीच आणि इंग्रजांनी लुबाडलेलीही तीच. आपण त्यातली अर्धी बाई ठेवली, काळा रंग दिला आणि जाळली. उरलेली अर्धी कुठे गेली ते कोणी विचारत नाही.

आणि राग नेमका कोणावर होता हो? १८८१ चं नागपूर डोळ्यासमोर आणा. राज्य जाऊन पाव शतक झालंय. रेल्वे आलीये, १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झालीये, हातमागवाल्या कोष्ट्यांच्या पोटावर गिरणीच्या कापडाचं संकट आहे. राग असायला कारणं भरपूर. पण चीफ कमिशनरचा पुतळा भर इतवारीत जाळणार कोण? तुरुंग होता समोर! मेलेल्या राणीचा जाळता येतो, ती काही करू शकत नाही. मनोविश्लेषणात याला विस्थापन म्हणतात. साहेबावरचा राग घरी येऊन पोरावर निघतो ना, तेच. 'टोटेम आणि टॅबू' मध्ये (१९१२-१३) फ्रॉइड आणखी एक पायरी पुढे जातो. मेलेली माणसं भुतं का होतात? तर ती जिवंत असताना आपल्या मनात त्यांच्याबद्दल माया होती आणि छुपा रागही होता. तो राग आपला आहे हे मान्य करवत नाही, म्हणून आपण तो त्यांच्यावर ढकलतो. मग आपण नाही, तेच आपल्यावर रागावलेले असतात. याला प्रक्षेपण म्हणतात. प्रोजेक्टरसारखं. सिनेमा पडद्यावर दिसतो, पण रीळ आपल्या मागच्या खोलीत फिरत असते.

बाकाबाईने तडजोड केली, बरोबर. पण १८५४ नंतर तडजोड कोणी केली नाही? व्यापाऱ्याने केली, कारकुनाने केली, मालगुजाराने केली, मिलमध्ये कामाला जाणाऱ्याने पोटासाठी केली. सगळ्या शहराने जे केलं त्याचं ओझं एका बाईच्या पुतळ्यात भरलं तर मन हलकं होणारच. हे माझं वाचन आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून सांगत नाहीये. पण एवढं पटतंय का बघा.

दुसरं उत्तर येतं ते पूतनेचं. काळी मारबत म्हणजे पूतना राक्षसीण. कृष्णाला विष लावलेलं दूध पाजायला आली आणि मेली, मग गोकुळातल्या लोकांनी तिचं प्रेत गावाबाहेर नेऊन जाळलं. हे उत्तर आजाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. कारण आयुर्वेदात पूतना हे एका आजाराचंच नाव आहे! सुश्रुताच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितलेत. स्कंद, शकुनी, रेवती वगैरे, आणि त्यात पूतना, अंधपूतना, शीतपूतना अशा तीन पूतना. जुलाब, उलट्या, ताप, दूध न पिणं.. म्हणजे तान्ही मुलं ज्याने पटापट जायची ते सगळं या नावांखाली. एखाद्या घरातलं बाळ दोन दिवसांत गेलं तर त्या आईच्या मनात काय येत असेल? माझ्या दुधातूनच काही गेलं का? हा विचार सहन करण्यासारखा नाही. तो पूतनेवर टाकला की आई जगू शकते.

मेलनी क्लाइन ही फ्रॉइडनंतरची मोठी विश्लेषक. तिचं म्हणणं असं, की तान्ह्या बाळाला सुरुवातीला दोन आया असतात. पोट भरणारी एक चांगली आणि भुकेलं ठेवणारी एक वाईट. या दोघी एकच आहेत हे त्याला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नसतं, नाहीतर चांगली आई वाईट आईच्या रागात जळून जाईल. वाढता वाढता त्याला कळतं की ज्या आईवर मी दात खात होतो तीच मला दूध पाजत होती. मग त्याला दुःख होतं, अपराधी वाटतं, काहीतरी भरपाई करावीशी वाटते. क्लाइनच्या मते मन निरोगी होण्याची सुरुवात या दुःखापासून होते. सुधीर कक्कर (१९३८-२०२४) या आपल्या मनोविश्लेषकाने १९७८ च्या 'द इनर वर्ल्ड' मध्ये पूतनेची कथा या अंगाने वाचलीये. भारतीय मुलाच्या मनातली वाईट आई म्हणजे पूतना.

काळी आणि पिवळी! लहानपणापासून बघतोय, पण दोन का, हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. काळी ती वाईट, पिवळी ती रक्षण करणारी असं बरेच लोक सांगतात. पण मग पिवळीलाही का जाळायचं? आणि काळीलाही नवस का बोलायचा? कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांच्याकडे याचं उत्तर मिळतं. हे भारतातले पहिले मनोविश्लेषक. १९२२ मध्ये त्यांनी कलकत्त्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी सुरू केली, फ्रॉइडशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता आणि पत्रातून ते फ्रॉइडशी वादही घालायचे. बोस यांचं म्हणणं होतं की मनात कुठलीही इच्छा एकटी नसते, तिच्या जोडीला उलटी इच्छा असतेच. मारायची इच्छा असली तर मार खायचीही असते. एक वर दिसते, दुसरी दाबलेली राहते. आजार बरा करायचा म्हणजे त्या दुसरीलाही ओळख द्यायची.

आणि भागवतातली पूतनेची गोष्ट पूर्ण वाचली तर आणखी एक धक्का आहे. तिचं प्रेत जळताना धुराला अगरूचा सुगंध येत होता आणि तिला आईची गती मिळाली, असं तिथे आहे. का, तर विष लावून का होईना, तिने दूध तर पाजलं होतं. ज्या कोणी ही कथा रचली त्याला क्लाइनबाईंचं म्हणणं हजार वर्षं आधी माहीत होतं असं मी म्हणणार नाही. 'आपल्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं' छापाच्या लेखांचा मला कंटाळा आहे. पण चांगलं आणि वाईट एकाच बाईत असू शकतं ही गोष्ट त्या कथेला सोडवत नाही, एवढं नक्की.

तर मनोविश्लेषणाच्या दृष्टीने आरोग्य म्हणजे काय? फ्रॉइडने १९१६-१७ च्या व्याख्यानांमध्ये सांगितलं की निरोगी माणूस आणि मनोरुग्ण यांच्यात जातीचा फरक नाही, प्रमाणाचा आहे. निरोगी माणसाच्या आतही तेच दमन चालू असतं, तीच ओढाताण असते. त्याला रात्री स्वप्नं पडतात हा त्याचा पुरावा. फरक व्यवहाराचा. एवढं सगळं असून तुम्हाला काम करता येतं का, कोणावर माया करता येते का, थोडा आनंद घेता येतो का? येत असेल तर बरे आहात. म्हणजे निरोगी माणसाच्या घरात मारबत नसते असं नाही. ती आहे आणि आपणच बनवलीये हे त्याला थोडंफार ठाऊक असतं.

इथे कोणीतरी म्हणेल, "म्हणजे पटकी काय मनातून होते का रे?" अजिबात नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि १८८४ मध्ये कलकत्त्यात येऊन पटकीचा. म्हणजे काळी आणि पिवळी या दोन मारबतींच्या मधल्या वर्षांतच जंतुशास्त्राने आपला दावा सिद्ध केला! गंमत अशी, की 'आजार बाहेरून येतो' या मुद्द्यावर कॉख आणि मारबत एका बाजूला आहेत, फ्रॉइड दुसऱ्या. आणि पटकीच्या बाबतीत कॉखच बरोबर आहे. तिथे नळाचं शुद्ध पाणी लागतं, आठवणी काढून उपयोग नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांपैकी एक होता. ती माणसं विषाणूने मेली, दमनाने नाही. पण आजार आला की माणसं त्याच्याभोवती जे करतात, कोणाकडे बोट दाखवतात, कोणाला बाहेर काढतात, ते कॉखच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. तिथे दुसरी भिंगं लागतात.

२०२० आठवा. मार्चमध्ये नागपुरात पहिला कोविडचा रुग्ण सापडला. तो अमेरिकेतून आलेला होता. एप्रिलपर्यंत इतवारीला लागूनच असलेला सतरंजीपुरा आणि थोडा पलीकडचा मोमीनपुरा हे हॉटस्पॉट झाले. माणसं मोठ्या संख्येने विलगीकरणात नेली. साथ पसरू नये म्हणून अलग ठेवणं वेगळं, ते कॉखचं शास्त्र. पण आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सतरंजीपुरा' ही शिवी झाली. भाजीवाला कुठला, विचारून घ्या. कामवाली तिकडून तर येत नाही ना? हे लिहिणारी माणसं वाईट नव्हती, काकू-मावश्याच होत्या. घाबरलेल्या होत्या. आणि भीती आत ठेवणं फार कठीण असतं, तिला पटकन एक पत्ता लागतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मारबतीची मिरवणूक निघाली नाही. परवानगीच नव्हती. विचार करा, शंभराहून जास्त वर्षं जी रोगराई घेऊन जाण्यासाठी निघत होती, तीच खऱ्या रोगराईच्या वर्षी घरात बसली. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम म्हणून इतवारीतच होतो. करीच्या दिवशी खाली रस्ता रिकामा होता. मला तेव्हा नुसतं सुनं सुनं वाटलं होतं. आता वाटतं की गेलेलं काही थांबलं नव्हतं, फक्त जागा बदलली होती. कागदाचा पुतळा नव्हता, म्हणून माणसांचे पुतळे होत होते.

मारबत बघायला गेलं की डोक्यात ठेवण्यासारखी गोष्ट मला तरी हीच वाटते. कागदाच्या बाईला जाळणं आणि खऱ्या बाईला जाळणं यात अंतर फार नाही. जादूटोण्याच्या संशयावरून बायकांना मारहाण, गावाबाहेर काढणं, जीव घेणं हे आपल्याच राज्यात होत आलंय. त्याविरुद्धचा कायदा यायला २०१३ उजाडलं, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर. कुष्ठरोग्यांना तर इडापिडेसारखंच सीमेबाहेर ठेवत. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा त्यांनी नेमकं उलटं केलं. बाहेर टाकलेल्यांच्या हातात शेती दिली, काम दिलं. फ्रॉइडची व्यवहाराची कसोटी लावली तर त्यातले कितीतरी जण त्यांना बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा बरे ठरतील.

मग मारबत बंद करायची का? मला तसं वाटत नाही. राग आणि भीती कागदात भरून, ढोल वाजवून, सगळ्यांसमोर जाळणं हे शेजारच्या वस्तीवर काढण्यापेक्षा शंभर पटीने बरं. आणि जाळण्याआधी आपण तिच्या पाया पडतो, हेही मला आता विचित्र वाटत नाही. उलट त्यातली तीच शहाणी बाजू आहे. हातातली काडी ओढायच्या आधी माणूस कबूल करतोय की बाई, तू नुसती वाईट नाहीस.

फक्त त्याच्या जोडीला थोडं आठवलंही पाहिजे. पुतळ्याखाली बाकाबाईचं नाव घेताना १८५४ चा वाडाही सांगितला पाहिजे, पूतना म्हणताना अगरूचा वासही. अ‍ॅना ओ. चं पुढे काय झालं ते राहिलंच. तिचं खरं नाव बेर्टा पापेनहाइम. दवाखान्यांतून बाहेर पडल्यावर ती फ्रँकफर्टला गेली, अनाथ मुलींमध्ये काम केलं, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची देशव्यापी संघटना काढली. १९०७ मध्ये कुमारी माता आणि वेश्याव्यवसायात फसवून नेल्या जाणाऱ्या मुली यांच्यासाठी तिने एक घर उभं केलं. म्हणजे समाजाने ज्यांना मारबत करून बाहेर टाकलं होतं, त्यांनाच तिने आत घेतलं. धुराडं झाडून ती बरी झाली नव्हती. कशाने झाली ते एका वाक्यात सांगता येणार नाही, पण या कामात तिने उरलेलं आयुष्य घालवलं.

असो. पोळ्याला नागपुरात असाल तर करीच्या दिवशी सकाळी लवकर नेहरू पुतळ्यापाशी या, उशिरा आलात तर उभं राहायलाही जागा मिळणार नाही. आणि जमलं तर चार-पाच दिवस आधी या, पुतळे बनत असतात तेव्हा. कामट्या बांधणारे, कागद चिकटवणारे, डोळे रंगवणारे सगळे आपल्या गल्लीतलेच असतात. एखाद्याला विचारा, "काका, ही कोण आहे?" दर माणसाचं उत्तर वेगळं येईल. ती सगळी ऐकून घ्या.